जुनी आणि संशोधनपर मराठी पुस्तके पुन्हा छापताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्नास-शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक बाजारात मिळत नाही, ग्रंथालयातली एकुलती प्रत हात लावला की तुटते, आणि कोणाला तरी वाटते की हे पुन्हा यायला हवे. अशा मंडळींकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याची माहिती भारतापुरती आहे. परदेशातल्या विक्रीसाठी प्रश्न १७ पाहा.

१. एखादे जुने पुस्तक आता कोणालाही छापता येते का, हे कसे ओळखायचे?

लेखकाचे मृत्युवर्ष शोधा. पुस्तक कधी निघाले याला बहुतेक वेळा महत्त्व नसते. स्वामित्वहक्क कायदा १९५७ प्रमाणे हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. ही ६० वर्षे मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांचा हक्क ३१ डिसेंबर २०१० ला संपला. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणून त्यांची हयातीत प्रकाशित झालेली कविता १ जानेवारी २०१७ पासून मोकळी आहे. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यामुळे २०३६ संपेपर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय त्यांचे पुस्तक छापता येत नाही.

‘पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचे आहे, म्हणजे मोकळेच’ हा हिशेब धोक्याचा आहे. पंचविशीत पहिले पुस्तक लिहून नव्वदीपर्यंत जगलेल्या लेखकाचे ते पुस्तक सव्वाशे वर्षे हक्कात राहू शकते.

२. लेखक दोन असतील, टोपणनावाने लिहिले असेल किंवा पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर निघाले असेल तर?

संयुक्त लेखनात शेवटच्या हयात लेखकाच्या मृत्यूपासून मोजायचे. निनावी किंवा टोपणनावाच्या पुस्तकाला प्रकाशनवर्षापासून ६० वर्षे. पण त्या मुदतीत खरे नाव जाहीर झाले असेल, तर पुन्हा मृत्युवर्षाचा नियम लागतो. मराठीतली बहुतेक टोपणनावे लेखकाच्या हयातीतच सर्वांना ठाऊक झालेली असतात, त्यामुळे या सवलतीवर विसंबू नका.

मरणोत्तर प्रकाशनात सर्वाधिक गोंधळ होतो. जे लेखन लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेच नाही, त्याची ६० वर्षे पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. म्हणून मुदत २०१२ अखेर संपली, २०११ अखेर नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हयातीत छापलेले लेखन २०१६ अखेर मोकळे झाले. बुद्ध आणि धम्मावरचा त्यांचा ग्रंथ मात्र महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये निघाला, म्हणून तो २०१७ अखेर.

सरकारी प्रकाशनांना प्रकाशनानंतरची ६० वर्षे लागू आहेत. मुंबई सरकारने १९५० मध्ये काढलेली तुकारामांची गाथा या नियमाने २०१० अखेर मोकळी झाली.

३. मूळ पुस्तक मोकळे आहे. मग जुन्या प्रतीतले सगळे जसेच्या तसे छापू का?

नाही. पुस्तकाचा प्रत्येक भाग वेगळा तपासायचा. वरच्याच उदाहरणात बहिणाबाईंची गाणी मोकळी आहेत, पण त्या संग्रहाला आचार्य अत्रे यांची प्रस्तावना आहे. अत्रे १३ जून १९६९ रोजी गेले, म्हणून ती प्रस्तावना २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहे. संपादकाच्या टीपा, शब्दार्थ, अनुवाद, रेखाचित्रे, मुखपृष्ठ या सगळ्यांना हाच न्याय. मूळ संस्कृत ग्रंथ हजार वर्षांचा असला, तरी मराठी भाषांतर भाषांतरकाराचे असते.

छायाचित्रांसाठी २०१२ मध्ये नियम बदलला. १९५१ पर्यंत प्रकाशित झालेली छायाचित्रे जुन्या नियमानेच मोकळी झाली आहेत. त्यानंतरची छायाचित्रे वापरण्याआधी छायाचित्रकाराचा तपास करा.

४. वारस सापडत नाहीत, प्रकाशन संस्था बंद पडली आहे. काय करायचे?

संस्था बंद पडली म्हणून हक्क नाहीसा होत नाही. तो लेखकाच्या वारसांकडे असण्याचीच शक्यता जास्त. जुना करारनामा मिळाला तर तो नीट वाचा. १९९५ नंतरच्या करारात हस्तांतरणाची मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षे धरली जाते. त्यामुळे ‘हक्क प्रकाशकाकडे आहेत’ हे तोंडी सांगणे पुरेसे नाही. वारस अनेक असतील तर सर्वांच्या सह्या घ्या. एका मुलाची सही घेऊन छापले आणि पुस्तक बाजारात आल्यावर दुसऱ्या मुलीची नोटीस आली, असे नेहमी घडते.

कोणीच सापडत नसेल तर कायद्याच्या ३१अ कलमात सक्तीच्या परवान्याची सोय आहे. अर्जापूर्वी वर्तमानपत्रात प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि ठरलेले मानधन वारसांसाठी जमा करावे लागते. पूर्वी हे काम अपील मंडळाकडे होते. २०२१ मध्ये ते बरखास्त झाल्यापासून न्यायालयात जावे लागते. तीनशे प्रतींच्या पुस्तकाला हा खर्च क्वचितच परवडतो. तोपर्यंत शोध कसा घेतला याची कागदपत्रे जपून ठेवा आणि छपाईला थांबा.

५. पुनर्मुद्रण, यथामूल आवृत्ती, नवी आवृत्ती आणि चिकित्सक आवृत्ती यांत फरक काय?

पुनर्मुद्रण म्हणजे त्याच प्रकाशकाने तीच पाने पुन्हा छापणे. यथामूल आवृत्तीत जुन्या पानांची छायाचित्रेच छापली जातात. खिळ्यांची ठेवण, पृष्ठक्रमांक, चुकादेखील तशाच राहतात. नवी आवृत्ती म्हणजे नव्याने अक्षरजुळणी केलेला मजकूर. चिकित्सक आवृत्तीत उपलब्ध प्रती ताडून पाहून पाठ (मजकुराचे ग्राह्य रूप) ठरवतात आणि बाकीचे पाठभेद तळटीपांत देतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची आवृत्ती हे त्याचे मोठे उदाहरण. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले.

कोश, साधनग्रंथ, पत्रसंग्रह, तक्ते असलेली पुस्तके यथामूल छापणे बहुतेक वेळा शहाणपणाचे. कादंबरी, चरित्र, निबंध, प्रवासवर्णन यांची नवी जुळणी करा. जुन्या बारीक टाइपात ४०० पाने आजचा वाचक वाचत नाही. संक्षिप्त आवृत्ती काढायला हरकत नाही, पण ‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावरच हवा. आतल्या पानावर बारीक टाइपात लिहिणे ही वाचकाची फसवणूक आहे.

६. पुस्तकाच्या तीन-चार आवृत्त्या निघाल्या आहेत. आधाराला कोणती घ्यावी?

सर्वसाधारणपणे लेखकाने हयातीत स्वतः सुधारलेली शेवटची आवृत्ती. पण आधी त्या शेजारी ठेवून पाहा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा वेगळा आणि सुधारून वाढवलेला १८५७ चा वेगळा; कोश म्हणून वापरायला दुसराच घ्यावा. ह. ना. आपटे यांच्या सामाजिक कादंबऱ्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत असत, तिथे अंकातला पाठ आणि पुस्तकातला पाठ हे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत.

लेखकाच्या पश्चात निघालेल्या शालेय किंवा स्वस्त आवृत्त्या आधाराला घेऊ नका. त्यांत परिच्छेद गाळलेले असतात आणि गाळल्याची नोंद नसते.

काहीही निवडले तरी पुस्तकात लिहा: कोणती आवृत्ती, कोणत्या वर्षाची, कोणत्या ग्रंथालयातली प्रत, आणि तुम्ही नेमके काय बदलले. या चार ओळी नसतील तर अभ्यासकाला ते पुस्तक वापरता येत नाही, कितीही सुबक छापले तरी.

७. इंटरनेटवर पीडीएफ मिळाली आहे. त्यावरूनच छापले तर?

वाचायला ती चांगली, छपाईला बहुधा नाही. पूर्वी घाऊक प्रमाणात झालेल्या स्कॅनमध्ये पाने सुटलेली, दोनदा आलेली, कण्याकडची अक्षरे कापलेली सापडतात. घडीचे नकाशे तर घडी न उलगडताच स्कॅन केलेले असतात. फाइल मिळाली की प्रथम पृष्ठक्रमांक एकेक करून मोजा, मग पानांवरची फॉर्मांची (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांची) खूण पाहा.

प्रत्यक्ष प्रतीसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय इथे चौकशी करा. शक्य तर दोन प्रती मिळवा. एकीतले फाटलेले पान दुसरीत शाबूत असते.

८. यथामूल आवृत्तीसाठी स्कॅन कसे करायचे?

केवळ मजकूर असलेली पाने मूळ आकारात, ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके), शेवटी शुद्ध काळ्या-पांढऱ्यात. करड्या छटांत ठेवलेला मजकूर छापताना अक्षरांच्या कडांना बारीक ठिपके येतात आणि पान मळकट दिसते. छायाचित्रांची पाने मात्र करड्या छटांतच हवीत. जुन्या ब्लॉकच्या चित्रांत आधीच ठिपक्यांची जाळी असते. ती न काढता छापली तर नव्या जाळीशी भिडून लाटांसारखी नक्षी उमटते.

पान पातळ असेल तर मागे काळा कागद ठेवा, म्हणजे पाठची छपाई दिसत नाही. कण्यावर जोर देऊन पुस्तक सपाट करू नका. व्ही आकाराच्या पाळण्यात ठेवून वरून छायाचित्र घेणे सुरक्षित.

स्वयंचलित ‘डाग काढा’ सोय देवनागरीसाठी वापरू नका. रोमन लिपीत ठिपका गेला तरी फारसे बिघडत नाही. आपल्याकडे तो अनुस्वार असतो. ‘त्यांचा’चा ‘त्याचा’ होतो, ‘लोकांस’चा ‘लोकास’, आणि हे पान नजरेखालून घालताना लक्षात येत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच दिसतात. समास आणि ओळींमधली मोकळी जागा यंत्राने साफ करा. मजकुरातले डाग हाताने.

जुनी पुस्तके बऱ्याचदा क्राउन या लहान आकाराची आणि अरुंद समासांची असतात. तीच पाने न वाढवता त्याहून मोठ्या डेमी आकारावर बसवली की समास आपोआप ऐसपैस होतो आणि अक्षरेही मूळ मापाची राहतात.

९. ओसीआरने (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या संगणकीय सोयीने) मजकूर उचलला तर टायपिंगचा वेळ वाचतो का?

स्वच्छ छपाईच्या, १९५० नंतरच्या पुस्तकात वाचतो. शिळाछापाच्या पुस्तकात नाही. तिथे सरळ टाइप करून घ्या. खिळ्यांच्या जुन्या छपाईत ‘ख’ आणि ‘रव’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांची अदलाबदल होते. वेलांट्या-रफार तुटलेले असतील तर हरवतात. अ, झ, ण यांची जुनी वळणेही यंत्राला अडवतात.

त्यामुळे मुद्रितशोधन दुप्पट धरा. पहिल्या वाचनात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने प्रूफ पाहावे. दुसरे वाचन अर्थाकडे लक्ष देऊन. तिसऱ्यात फक्त सनावळ्या, आकडे, विशेषनामे आणि संस्कृत अवतरणे. या चार ठिकाणची चूक वाचताना खटकत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते.

जुळणी युनिकोडमध्येच करून घ्या. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाइल पुढे शोधता येत नाही, ई-पुस्तकाला चालत नाही. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत का, आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ्य-ऱ्ह नीट उमटतो का, हे एका पानाचा नमुना काढून पाहा.

१०. जुने शुद्धलेखन ठेवायचे की आजच्या नियमांप्रमाणे बदलायचे?

साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्यांत १९७२ मध्ये भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘केलें’ असे अनुच्चारित अनुस्वार असणारच. सामान्य वाचकांसाठीच्या गद्य आवृत्तीत ते काढायला आमची हरकत नाही. संशोधनासाठीच्या आवृत्तीत ठेवा: ते अनुस्वार लिंग, वचन आणि विभक्तीची माहिती देतात, भाषेच्या अभ्यासकाला ती हवी असते.

काढायचे ठरवले तर ‘शोधा आणि बदला’ने सरसकट काढू नका. ‘मुलांनीं’मधला शेवटचा अनुस्वार जातो, मधला राहतो, ‘मुलानें’मध्ये एकच असतो आणि तो जातो. ‘पांच’चे ‘पाच’ होते, ‘पंचांग’ तसेच राहते. हे काम व्याकरण कळणाऱ्या माणसाचे आहे.

कवितेत ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. ‘परि’चे ‘परी’ केले की एक मात्रा वाढते आणि वृत्त मोडते. पत्रे, बखरी, दस्तऐवज यांतही मूळ लेखन अक्षरशः ठेवायचे.

शब्द बदलणे ही वेगळी गोष्ट. आज खटकणारा शब्द किंवा मत गुपचूप गाळणे आम्हाला मान्य नाही, टीप द्या. लेखनाची मोडतोड झाल्यास कायद्याच्या ५७ व्या कलमाखाली लेखकाचे वारस हरकत घेऊ शकतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीने या हरकतीवरची स्वामित्वहक्काच्या मुदतीची मर्यादाही काढली आहे.

११. जुन्या पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र आहे. त्याचे काय करू?

यथामूल आवृत्तीत ते तसेच छापा, आणि अनुक्रमणिकेतही दाखवा. नव्या जुळणीत त्यातल्या दुरुस्त्या मजकुरात घ्या आणि तसे निवेदनात नोंदवा. तुम्हाला नव्याने सापडलेल्या चुका यांत मिसळू नका. त्यांची यादी वेगळी द्या. शुद्धिपत्रातही चूक असू शकते, म्हणून प्रत्येक दुरुस्ती अर्थ लावूनच करा.

१२. नव्या जुळणीत पानांचे क्रमांक बदलतात. जुने संदर्भ कसे जुळायचे?

जुने पान जिथे सुरू होते तिथे समासात किंवा ओळीतच चौकटी कंसात जुना क्रमांक द्या: [१४७]. शंभर वर्षांतल्या सगळ्या लेखांनी जुन्याच पानांचा हवाला दिलेला असतो. जुळणी करतानाच हे घातले तर जेमतेम एक-दोन दिवसांचे काम. नंतर घालायचे म्हटले तर सगळे पुस्तक पुन्हा वाचावे लागते.

याच वेळी नामसूचीही करा. जुन्या मराठी संशोधनग्रंथांत सूची नसणे ही मोठी उणीव आहे, आणि तुमची आवृत्ती घ्यायला तेवढे एक कारण पुरते. यथामूल आवृत्तीलाही शेवटी सूची जोडता येते.

१३. कागद किती आणि कोणता लागेल? बांधणी कोणती?

डेमी १/८ आकाराचे ३२० पानांचे पुस्तक धरू. १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे २० फॉर्म. २३×३६ इंची एका ताव्यात दोन्ही बाजू मिळून ३२ पाने बसतात, म्हणून एका प्रतीला १० तावे. ५०० प्रतींना ५,००० तावे, म्हणजे १० रीम. वाया जाणारे धरून ११ रीम मागवा. ७० जीएसएमची (चौरस मीटरला ७० ग्रॅम) अशी रीम सुमारे १८.७ किलोची असते. प्रतीचे वजन टपालखर्चासाठी आधीच काढा: नुसता कागद साधारण ३७० ग्रॅम, त्यावर मुखपृष्ठ आणि पुठ्ठा. पृष्ठसंख्या १६ च्या पटीत आणा, नाहीतर शेवटी कोरी पाने पैसे देऊन विकत घ्याल.

पिवळसर नॅचरल शेड कागद डोळ्यांना सुखद आणि पाठची छपाई कमी दिसणारा. टिकाऊपणा हवा तर आम्लमुक्त कागद मागा. ज्या पुस्तकाचे तुकडे पडले म्हणून तुम्ही ते पुन्हा छापत आहात, त्याला त्याच प्रकारचा कागद पुन्हा नको. कागदाचे तंतू कण्याला समांतर हवेत. आडवे आले की पावसाळ्यात पाने लाटांसारखी वळतात आणि पुस्तक नीट मिटत नाही.

नुसत्या गोंदाची बांधणी ३०० पानांपर्यंत ठीक. कोश, ४०० पानांहून मोठी पुस्तके आणि ग्रंथालय आवृत्ती यांना फॉर्म शिवूनच घ्या. कण्याची जाडी हिशेबाने न ठरवता त्याच कागदाचा कोरा डमी बांधून मोजा.

१४. किती प्रती छापाव्यात?

मोठ्या खपाचा अंदाज बांधू नका. साधारण ३०० प्रतींच्या आत डिजिटल छपाई परवडते. ५०० च्या पुढे ऑफसेट स्वस्त पडते, कारण प्लेटचा खर्च प्रतींवर विभागला जातो. मधल्या आकड्यासाठी दोन्हींचे दर मागवा. प्रकाशनपूर्व सवलतीत किती नोंदणी होते, हा खपाचा सर्वांत भरवशाचा अंदाज. संशोधनग्रंथासाठी मागणीनुसार छपाईही चांगली, पण पहिली प्रत स्वतः मागवून पाहा. समास सरकणे आणि काळा रंग फिका येणे हे दोन दोष तिथे नेहमीचे.

१५. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) आणि ग्रंथालयांना द्यायच्या प्रती?

आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक. त्याच प्रकाशकाच्या काही न बदललेल्या पुनर्मुद्रणाला नवा लागत नाही.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरावीक ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. शिवाय ज्या ग्रंथालयाने मूळ प्रत दिली, तिथे एक प्रत पोचलीच पाहिजे.

१६. मी मेहनतीने काढलेली आवृत्ती दुसऱ्याने उचलून छापली तर?

मोकळ्या मजकुरावर तुमचा हक्क निर्माण होत नाही, स्कॅन केल्याने तर नाहीच. तुमचे म्हणजे नवी प्रस्तावना, टीपा, सूची, मुखपृष्ठ. श्रेयनामावलीच्या पानावर ‘सर्व हक्क राखीव’ असे सरसकट लिहू नका. नेमक्या कोणत्या भागाचे हक्क तुमचे, ते लिहा. हाच नियम उलट बाजूनेही लागतो: दुसऱ्याच्या अलीकडच्या आवृत्तीतून मूळ मजकूर घेताना त्याच्या टीपा तुमच्या पुस्तकात येता कामा नयेत (प्रश्न ३).

१७. अमेरिकेतल्या, ब्रिटनमधल्या मराठी वाचकांना विकायचे आहे. भारतात मोकळे ते तिथेही मोकळे ना?

तसे नसते. अमेरिकेत जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षांचा हिशेब आहे, आणि १ जानेवारी १९९६ रोजी भारतात हक्कात असलेल्या पुस्तकांना तिथे तो मिळतो. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ ची. भारतात २०११ पासून मोकळी, अमेरिकेत मात्र २०३० अखेरपर्यंत हक्कात. मागणीनुसार छापणाऱ्या संकेतस्थळांवर पुस्तक चढवताना विक्रीचे देश निवडता येतात. तिथे फक्त भारत निवडा.

१८. मूळ पुस्तक किंवा हस्तलिखित मोडीत किंवा रोमन लिपीत आहे. देवनागरीत आणताना काय सांभाळायचे?

मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो आणि शब्द तोडलेले नसतात. म्हणजे देवनागरीतला प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ आणि प्रत्येक शब्दविच्छेद हा तुमचा निर्णय असतो. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. अशा ग्रंथात ल-ळ, न-ण यांचे निर्णय करावे लागतात. निर्णयांचे नियम प्रस्तावनेत द्या, शंकास्थळी मूळ अक्षरे तळटीपेत द्या, आणि निदान चार-पाच मूळ पानांची छायाचित्रे जोडा, म्हणजे वाचकाला तुमचे वाचन तपासता येईल.